ब्रेस्ट कॅन्सर: गाठ लागल्यापासून फॉलोअपपर्यंत, कुठल्या टप्प्यावर काय करायचं आणि काय विचारायचं

निदान झालं की घरातले सगळे एकच प्रश्न विचारतात, ऑपरेशन कधी. माझ्या मोठ्या बहिणीच्या पूर्ण ट्रीटमेंटमध्ये मी सोबत होते, त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणींच्या फायली बघितल्या, आणि आता कुणाचा फोन आला की मी पहिलं हेच सांगते की ऑपरेशनची तारीख नंतर, आधी बायोप्सीचा रिपोर्ट पूर्ण येऊ दे. कारण ह्या आजारात कुठलं औषध, किती दिवस आणि कुठल्या क्रमाने हे सगळं त्या रिपोर्टमधल्या चार-पाच ओळींवर ठरतं. घाई करायचीच तर तो रिपोर्ट लवकर हातात येण्याची करा. गाठ एका आठवड्यात तयार झालेली नसते, त्यामुळे तपासण्या नीट करायला आणि गरज वाटली तर सेकंड ओपिनियन घ्यायला एक-दोन आठवडे गेले तर बहुतेक केसेसमध्ये काही बिघडत नाही, महिनोन्महिने घालवले तर मात्र बिघडतं.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे वाचून औषध बदलायचं नाही, डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं ते कळावं म्हणून लिहितेय.

गाठ लागली, आता काय

स्तनात किंवा काखेत गाठ लागणं, निपल नव्याने आत ओढलं जाणं, निपलमधून रक्ताळलेलं पाणी येणं, कातडीवर खळगा पडणं, कातडी जाड आणि लालसर होणं, ह्यातलं काहीही दिसलं तर दाखवायचं. दुखत नाही म्हणजे काही नसेल असं धरून बसू नका, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकवेळा दुखत नाही. आणि हेही तितकंच खरं की स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, म्हणून घाबरून लपवायची गरज नाही. पुरुषांनाही हा कॅन्सर होतो, प्रमाण फार कमी, शंभरात एखादा, पण होतो, आणि कुणाच्या डोक्यातच येत नाही म्हणून उशिरा सापडतो.

तपासणी तीन गोष्टींची मिळून असते. डॉक्टर हाताने तपासतात, मग मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, मग संशय असेल तर बायोप्सी. तरुण वयात स्तन जास्त घट्ट असल्याने मॅमोग्राममध्ये नीट दिसत नाही, तिथे सोनोग्राफीचा उपयोग जास्त होतो. रिपोर्टवर बायरॅड्स असा एक आकडा असतो, १ किंवा २ म्हणजे काळजीचं नाही, ३ म्हणजे शक्यता फार कमी पण साधारण सहा महिन्यांनी परत बघायचं, ४ आणि ५ म्हणजे बायोप्सी करायची. शून्य असेल तर घाबरू नका, त्याचा अर्थ अजून फोटो हवेत एवढाच. मात्र मॅमोग्राम नॉर्मल आला आणि गाठ हाताला लागतेच आहे, तर तिथे थांबायचं नाही, तो प्रश्न परत विचारायचा.

बायोप्सी म्हटलं की कोअर बायोप्सी करताय का हे विचारा, काही ठिकाणी ट्रुकट म्हणतात. जागा बधिर करतात, जाडसर सुईने गाठीचे बारीक तुकडे काढतात, प्रत्येकवेळी खटकन आवाज येतो तो आधी सांगून ठेवला तर माणूस दचकत नाही. बारीक सुईने नुसत्या पेशी काढतात त्या तपासणीत कॅन्सर आहे एवढं कळू शकतं पण पुढच्या ट्रीटमेंटला लागणारी सगळी माहिती त्यातून मिळत नाही. सुई लावली की कॅन्सर पसरतो ही भीती घराघरात आहे, ती मनातून काढून टाका. नुकसान होतं ते उलट्या बाजूने, म्हणजे बायोप्सी न करताच आधी गाठ काढून टाकली की. काही प्रकारांत आधी किमो देणं जास्त फायद्याचं असतं, आणि गाठच काढून टाकली असेल तर औषध तिच्यावर काम करतंय का हे बघायची संधी गेली.

रिपोर्ट कसा वाचायचा

इथे वेळ द्या, रिपोर्टची कॉपी घरी घेऊन या आणि पेन घेऊन बसा.

पहिली गोष्ट, इन्व्हेजिव्ह लिहिलंय की इन सिटू. इन सिटू म्हणजे पेशी दूधनलिकेच्या आतच आहेत, बाहेर पडलेल्या नाहीत, त्याला स्टेज शून्य धरतात आणि साधारणपणे किमो लागत नाही. इन्व्हेजिव्ह म्हणजे नलिकेची भिंत ओलांडलीय. मग ग्रेड, १ ते ३. ग्रेड आणि स्टेज ह्यात सगळ्यांचा गोंधळ होतो, ग्रेड ३ वाचून लोक तिसरी स्टेज समजून रडायला लागतात. ग्रेड म्हणजे मायक्रोस्कोपखाली पेशी किती बदललेल्या दिसतात आणि किती वेगाने वाढतायत ते, स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठपर्यंत गेलाय ते.

त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचं, ईआर, पीआर आणि हर-टू. ईआर पीआर पॉझिटिव्ह म्हणजे गाठ हॉर्मोनवर वाढते, आणि ते हॉर्मोन अडवणाऱ्या गोळ्या उपयोगी पडतात, सगळ्यात जास्त केसेस ह्याच असतात. हर-टू हे पेशीवरचं एक प्रोटीन, ते ० किंवा १ प्लस असेल तर निगेटिव्ह धरतात, ३ प्लस असेल तर पॉझिटिव्ह, आणि २ प्लस असेल तर अधांतरी, तेव्हा फिश नावाची टेस्ट करायलाच हवी, ती झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. तिन्ही निगेटिव्ह असेल तर ट्रिपल निगेटिव्ह. हा प्रकार जास्त वेगाने वाढतो हे खरं, पण किमोला चांगला प्रतिसाद देणाऱ्याही ह्याच गाठी असतात, म्हणून नेटवर नाव शोधून रात्रभर जागू नका. केआय-६७ असा टक्क्यांचा आकडाही असतो, पेशी किती झपाट्याने वाढतायत ते सांगणारा, एकट्या त्याच्यावर काही ठरत नाही.

गाठीचा आकार, २ सेंटीमीटरपर्यंत टी-१, २ ते ५ टी-२, ५ च्या वर टी-३, कातडी किंवा छातीच्या भिंतीपर्यंत गेलेली असेल तर टी-४. ह्याच्यासोबत काखेतल्या गाठी, म्हणजे सगळ्यांनाच असणारे लिम्फ नोड, त्यांच्यात कॅन्सर पोचलाय का हे बघून स्टेज ठरते. पेट स्कॅन, म्हणजे आजार शरीरात आणखी कुठे गेलाय का ते बघणारा स्कॅन, प्रत्येकीला लागतोच असं नाही, लहान गाठ, काखेत काही नाही, त्रास काही नाही, अशावेळी तो न केला तरी चालतो. मी तर सांगीन की कुठलीही टेस्ट लिहून दिली की एवढंच विचारा, ह्याच्या रिपोर्टने पुढचा निर्णय बदलणार आहे का? चांगले डॉक्टर ह्या प्रश्नाने चिडत नाहीत.

ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी उरकायच्या गोष्टी

जेनेटिक टेस्ट. साधारण ५ ते १० टक्के केसेस आनुवंशिक असतात, बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही त्यातली मुख्य जीन्स. वय कमी असेल, ट्रिपल निगेटिव्ह असेल, घरात स्तनाचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर झालेला असेल, पेशंट पुरुष असेल, तर नक्की विचारा. आणि घरातला म्हणजे फक्त आईकडचा नाही, वडिलांकडूनही हे जीन येतं, ही गोष्ट सांगायची राहून जाते.

मूल हवं असेल किंवा पुढे कधी हवं वाटू शकेल असं असेल तर किमोच्या आधी बोला, नंतर नाही. बीजांडं किंवा भ्रूण गोठवून ठेवायला साधारण दोन आठवडे लागतात, तेवढा वेळ बहुतेकवेळा मिळतो. हा विषय डॉक्टरांनी काढला नाही तर आपण काढायचा, लाजायचं नाही.

दात दाखवून घ्या, किमो चालू असताना दाताचं काम काढणं त्रासाचं होतं. हृदयाचा इको, म्हणजे सोनोग्राफी होईल, तो बेसलाईन म्हणून, पुढच्या तुलनेसाठी जपून ठेवा. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णं, सप्लिमेंट सगळ्याची यादी डॉक्टरांना दाखवा, कुणी कितीही प्रेमाने आणून दिलं असेल तरी विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, काही गोष्टी किमोच्या औषधात ढवळाढवळ करतात आणि लिव्हरवर ताण आणतात.

आधी ऑपरेशन की आधी किमो

गाठ लहान आणि हॉर्मोन पॉझिटिव्ह असेल तर बहुतेकवेळा आधी ऑपरेशन. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह आणि गाठ २ सेंटीमीटरच्या वर किंवा काखेत गेलेली, तर बहुतेकवेळा आधी किमो. गाठ मोठी असेल आणि स्तन वाचवायचा असेल तरीही आधी किमो देऊन ती लहान करतात. अशावेळी किमोच्या आधी गाठीत एक बारीक क्लिप ठेवतात, कारण गाठ पूर्ण विरघळली तर सर्जनला जागा कशी सापडणार, तर क्लिप टाकलीय का हे विचाराच.

स्तन पूर्ण काढला म्हणजे जास्त सेफ, हे बहुतेकींच्या मनात असतं आणि भीतीपोटी तो निर्णय घेतला जातो. ह्यावर मोठे अभ्यास झालेत. इटलीत मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी ह्यांनी १९७३ मध्ये आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर ह्यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या ट्रायल्समध्ये काही बायकांचा पूर्ण स्तन काढला आणि काहींचा वाचवून रेडिएशन दिलं, आणि २००२ मध्ये दोन्हींचे वीस वर्षांचे निकाल आले तेव्हा जगण्यात फरक नव्हता. म्हणजे डॉक्टर स्तन वाचवता येईल म्हणत असतील तर ती तडजोड नाही. गाठी दोन-तीन ठिकाणी असतील, रेडिएशन देता येणार नसेल, जीन पॉझिटिव्ह असेल, तिथे गणित वेगळं होऊ शकतं. आणि पूर्ण काढायचं ठरलं तर रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे स्तनाचा आकार परत तयार करणं, त्याचवेळी की नंतर, इम्प्लांट की स्वतःच्या शरीराचा भाग वापरून, हेही ऑपरेशनच्या आधीच बोलायचं.

काखेसाठी विचारा, सेंटिनल नोड बायोप्सी होणार का. निळा डाय किंवा रेडिओअॅक्टिव्ह द्रव टोचून कॅन्सर जिथे पहिल्यांदा जाईल ते एक-दोन लिम्फ नोड, म्हणजे काखेतल्या त्या गाठी शोधतात, त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्या काढत नाहीत, हात सुजण्याचा धोका बराच कमी होतो. निळा डाय वापरला असेल तर नंतर लघवी हिरवट निळी होते, ठरलेलं आहे, घाबरायचं नाही.

ऑपरेशननंतर घरी

घरी येताना बऱ्याचदा ड्रेन असतो, कुशीतून निघालेली नळी आणि तिच्या टोकाला दाबून ठेवलेली बाटली किंवा फुगा. हे रिकामं करायला हॉस्पिटलमध्येच नर्सकडून शिकून घ्या, तुम्ही करून दाखवा आणि त्यांना बघू द्या. हात धुवायचे, झाकण उघडायचं, मापाच्या भांड्यात ओतायचं, किती एमएल ते वहीत तारीख-वेळ टाकून लिहायचं, मग फुगा पूर्ण दाबून हवा काढायची आणि दाबलेल्या अवस्थेतच झाकण लावायचं, तरच तो ओढतो. पहिले दिवस लालसर येतं मग पिवळट होत जातं. साधारण दिवसाला ३० एमएलच्या खाली आलं की काढतात, म्हणून ती वही लागते. अचानक लाल भडक यायला लागलं, वास आला, ताप आला, जखमेभोवती लाल आणि गरम लागायला लागलं तर फोन करायचा. ड्रेन काढल्यावर तिथे परत पाणी साठू शकतं, डॉक्टर सुईने काढून देतात.

हात हलवायचा नाही असं समजून बायका हात छातीशी धरून बसतात आणि खांदा आखडतो. हलके व्यायाम दुसऱ्या दिवसापासून सुरू होतात, मूठ उघडझाक, कोपर वाकवणं, खांदे गोल फिरवणं, केस विंचरणं, आणि खांद्याच्या वर हात नेणं डॉक्टर सांगतील तेव्हा हळूहळू. माझ्या बहिणीला दंडाच्या आतल्या बाजूला बधिर लागायचं, काखेतली नस दुखावल्याने होतं ते आणि बऱ्याचजणींना होतं. काखेतून हाताकडे दोरीसारखं ताणल्यासारखं वाटलं तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, व्यायामाने सुटतं. रेडिएशनच्या वेळी हात डोक्याच्या वर ठेवून झोपायला लागतं, म्हणून खांदा तोपर्यंत मोकळा पाहिजे.

ऑपरेशनचा फायनल रिपोर्ट साधारण एक-दोन आठवड्यात येतो. त्यात मार्जिन क्लिअर आहेत का, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत ना, आणि काखेतल्या किती गाठी काढल्या, किती पॉझिटिव्ह, हे बघा. मार्जिन क्लिअर नसेल तर परत थोडा भाग काढावा लागतो. किमो आधी झाला असेल तर काही शिल्लक राहिलंय का ते इथे कळतं, आणि राहिलं असेल तर पुढची औषधं बदलता येतात, आधी किमो देण्याचा मोठा फायदा हाच. हॉर्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काखेत काही नाही अशा केसमध्ये किमो खरंच हवा का हे विचारा, गाठीच्या २१ जीन्सची ऑन्कोटाइप टेस्ट असते, आणि २०१८ च्या टेलर-एक्स ट्रायलमध्ये दिसलं की पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्कोअर २५ पर्यंत असेल तर किमोने फायदा वाढत नाही.

किमो

सायकल म्हणजे एक डोस आणि मग शरीराला सावरायला मधले दिवस. दोन किंवा तीन आठवड्यांनी, काही औषधं दर आठवड्याला. हाताच्या शिरा खराब होतात म्हणून पोर्ट बसवतात, छातीच्या कातडीखाली एक छोटी डबी, मला ती सोय फार चांगली वाटते. एक औषध लाल रंगाचं असतं, डॉक्सोरुबिसिन, त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थर्मामीटर घरात पाहिजे, आणि ताप १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस झाला तर रात्रीचे तीन वाजले असले तरी हॉस्पिटल. डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवस पांढऱ्या पेशी खूप कमी असतात, साधं इन्फेक्शनही झपाट्याने जिवावर येऊ शकतं. तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही, गोळीने आकडा खाली येतो आणि आजार आत वाढत राहतो. रात्रीचा इमर्जन्सी नंबर आधीच फ्रिजवर लावून ठेवा. पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं तर हाडं दुखतात, तेही सांगून ठेवा पेशंटला.

मळमळीची औषधं लिहिल्याप्रमाणे वेळेवर द्यायची, उलटी व्हायची वाट बघायची नाही. पहिल्या डोसला त्रास झाला तर पुढच्या वेळी औषध बदलता येतं, पण तुम्ही सांगितलं तर. तोंड आलं तर मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्याच्या गुळण्या, मऊ ब्रश. केस पहिल्या डोसनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी गळायला लागतात, पुंजकेच्या पुंजके हातात येतात आणि ते बघवत नाही, म्हणून आधीच बारीक कापून घेतले तर थोडं सोपं जातं. केस परत येतात. बोटांना मुंग्या, बधिरपणा, बटणं लावता येत नाहीत, असं झालं तर लगेच सांगा, सहन करून घेतलं तर ते कायमचं राहू शकतं. भूक नसेल तर थोडं थोडं पण सारखं, प्रोटीन पोटात गेलं पाहिजे, आणि जमेल तसं चालायचं, थकव्यावर चालण्याचा उपयोग होतो हे ऐकायला उलटं वाटतं पण खरंय.

हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब, हर-टूवर काम करणारं औषध, साधारण एक वर्ष चालतं, दर तीन महिन्यांनी इको करायला विसरू नका. किमो संपला तरी हे चालूच असतं, केस यायला लागतात, आणि घरच्यांना वाटतं झालं सगळं.

रेडिएशन

स्तन वाचवला असेल तर जवळजवळ सगळ्यांना, पूर्ण काढला असेल तर गाठ मोठी होती का, काखेत किती होतं त्यावर. आधी प्लॅनिंगचा स्कॅन होतो, कातडीवर बारीक खुणा करतात, मग आठवड्यातले पाच दिवस, पूर्वी पाच आठवडे चालायचं आता बऱ्याच ठिकाणी तीन. काहींसाठी एकाच आठवड्यात पाच डोसही देतात, ब्रिटनच्या फास्ट-फॉरवर्ड ट्रायलचे निकाल २०२० मध्ये आल्यापासून. डावी बाजू असेल तर श्वास रोखून देण्याची पद्धत विचारा, त्याने हृदय लांब राहतं. दुखत नाही. शेवटी शेवटी कातडी लाल, काळपट होते, सैल सुती कपडे घाला, सांगितलेलंच क्रीम लावा. अंगात किरणं राहत नाहीत, लहान मुलांना जवळ घेतलं तर काही होत नाही.

गोळ्यांची वर्षं

हॉर्मोन पॉझिटिव्ह असेल तर खरी लांबची ट्रीटमेंट इथे सुरू होते, ५ वर्षं, काहींना १० पर्यंत, आणि बऱ्याचजणी मध्येच सोडून देतात. पाळी चालू असेल तर साधारण टॅमोक्सिफेन, पाळी गेलेली असेल तर लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल. टॅमोक्सिफेनने अंगातून गरम वाफा येतात, क्वचित पायात रक्ताची गुठळी होते, म्हणून एकाच पायाला सूज आणि दुखणं, किंवा अचानक दम लागणं, लगेच दाखवायचं. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला तरी दाखवायचं. गोळ्या चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत. डिप्रेशनच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ पॅरोक्सेटिन, टॅमोक्सिफेनचा असर कमी करतात, त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सांधे धरतात आणि हाडं विरळ होतात, म्हणून हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी. त्रास होत असेल तर गोळी स्वतःहून बंद करू नका, त्याच गटातली दुसरी गोळी बदलून बऱ्याचजणींना जमतं.

मूल हवं असलेल्या तरुण बायकांसाठी पॉझिटिव्ह नावाच्या ट्रायलचे निकाल २०२३ मध्ये आले, दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेऊन मग दोन वर्षांपर्यंत थांबवल्या तर सुरुवातीच्या काही वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पुढे काय होतं ते अजून बघणं चालू आहे, पण बोलायला दार उघडं झालंय.

फॉलोअप

पहिली तीन वर्षं साधारण तीन ते सहा महिन्यांनी, नंतर सहा ते बारा, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा, आणि मॅमोग्राम दरवर्षी. काही त्रास नसताना दर थोड्या दिवसांनी पेट स्कॅन आणि रक्तातल्या कॅन्सर मार्करच्या टेस्ट करत राहिल्याने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, टेन्शन मात्र वाढतं. लक्ष ठेवायचं ते ह्यावर: एकाच जागी हाड दोन आठवड्यांहून जास्त दुखणं, न जाणारा खोकला किंवा दम, सारखं डोकं दुखणं, कावीळ, कारण नसताना वजन उतरणं, टाक्यांच्या जागी किंवा काखेत नवीन गाठ.

ऑपरेशनच्या बाजूचा हात जड वाटला, अंगठी किंवा बांगडी घट्ट व्हायला लागली, तर सूज डोळ्यांना दिसायची वाट बघू नका, लवकर पकडली तर स्लीव्ह, म्हणजे हातावर घालायची घट्ट बाही, आणि मसाजने आटोक्यात राहते. त्या हाताने कधीच वजन उचलायचं नाही हा सल्ला आता जुना झालाय, फिजिओच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेला वजनाचा व्यायाम चालतो.

मनाचं म्हणाल तर ट्रीटमेंट चालू असताना बायका खंबीर असतात, आणि सगळं संपल्यावर ढासळतात, कारण रोज कुणीतरी बघत होतं ते बंद होतं आणि प्रत्येक दुखण्यात तेच दिसायला लागतं. घरच्यांनी तेव्हा आता झालीस ना बरी असं म्हणू नका. शब्द आठवत नाहीत, कामात लक्ष लागत नाही, हेही काही महिने असतं. झोप लागत नसेल, रडू थांबत नसेल तर काउन्सेलर किंवा मानसोपचार तज्ज्ञ हा ट्रीटमेंटचाच भाग धरा. कामावर परत जाताना जमलं तर अर्ध्या वेळेपासून सुरुवात करा.

आणि हॉस्पिटलमधून ट्रीटमेंट समरी लेखी मागून घ्या. त्यात किमोच्या प्रत्येक औषधाचं नाव आणि एकूण डोस, रेडिएशन कुठल्या बाजूला आणि किती, ईआर पीआर हर-टू, गोळी कधी सुरू झाली, हे सगळं हवं. डॉक्सोरुबिसिन आयुष्यात ठराविक मर्यादेपर्यंतच देता येतं कारण ते हृदयावर परिणाम करतं, आणि दहा वर्षांनी कुठल्या तरी नव्या डॉक्टरांसमोर बसल्यावर किती दिलं होतं हे कुणाच्याच लक्षात नसतं. फोटो काढून फोनमध्ये ठेवा आणि एक कॉपी घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी द्या.